तवंग

मंगळवारी पहाटे पाच-सव्वापाचला
मोरीची जाळी बोलायला लागली.
आधी एक बुडबुडा, मग घसा खाकरल्यासारखा आवाज,
मग काळं पाणी, भाताची शितं, चहाची पत्ती,
कुणाचे तरी लालसर केस.
रचून ठेवलेल्या डब्यांपर्यंत आलं आणि थांबलं,
न बोलावलेला पाहुणा उंबऱ्यात थांबतो तसं.

पदर खोचला, पोत्याची वेटोळी करून दाराला लावली,
प्रणोतीला हाक मारली, ऊठ, पुस्तकं वर घे.
अकराला तिचा भूमितीचा पेपर
आणि ती विचारते,
आई, आता संडासला कुठं जायचं?

मी दारात उभी राहून शिंत्र्यांच्या नावानं सुरू केलं.
त्यांच्या भाडेकरूंची पोरं काय काय टाकतात भांड्यात
ते अख्ख्या उत्तरेश्वर पेठेला ठाऊक आहे, म्हटलं,
आणि पेठेनं ऐकलं.
तालमीतनं घामेजून निघालेली दोन पोरं थबकली,
ओठ दाबून पुढं गेली.
मालन शिंत्रे खिडकीत होती.
काही बोलली नाही. पडदा ओढला.

वॉर्ड ऑफिसात फोन केला.
मशीन फुलेवाडीला गेलंय, तीनपर्यंत बघू.
तीनपर्यंत!

दहाला पिराजी आला, खांद्यावर बांबूच्या पट्ट्या.
"आत उतरत न्हाई मी, आधीच सांगतो."
बिडी विझवून कानावर ठेवली,
पहारीनं चेंबरचं झाकण उचकटलं
आणि बघत राहिला आत,
विहिरीत पोहरा पडलेल्या माणसासारखा.
"तुमच्या एकटीचीच लाइन हाय ही, वहिनी.
शेजारच्यांची मागल्या बोळातनं जाती."

पट्टी घातली, ओढली. घातली, ओढली.
मग काहीतरी सुटलं.
पांढरं, माझ्या मनगटाएवढं जाड, वीतभर लांब,
पट्टीनं टोकरलं तर आत तांबूस रेघा.
"मटणाची चरबी. खानावळ हाय व्हय?"

नऊ वर्षं. दर रविवारी साठ डबे.
लोक म्हणतात, तवंग असावा तर वहिनींच्या रश्श्याला,
बोट बुडवलं तर कोपरापर्यंत ओघळावा.
उरलेला मी मोरीत ओतायची, वर तांब्याभर कढत पाणी.
मला वाटायचं, गेला.
गेला म्हणजे फार तर जयंती नाल्यात,
तिथनं पंचगंगेत, पुढं वाडीकडं,
आपल्याला काय.
तो कुठंच गेला नव्हता.
दारापासून चार पावलांवर, फरशीखाली,
रविवारावर रविवार थापत बसला होता.

पिराजीनं पाचशे घेतले, साबण मागितला.
मी नवी वडी फोडून दिली.
त्यानं वडीकडं बघितलं, मग त्या गोळ्याकडं,
आणि आम्ही दोघंही हसलो. मी जरा उशिरा.

प्रणोती पेपरला गेली ती शिंत्र्यांकडं अंघोळ करून.
मला न विचारता टॉवेल घेऊन गेली होती.
मालननं गिझर लावून दिला,
निघताना तळहातावर दही-साखर ठेवली.
हे मला संध्याकाळी कळलं,
तिसऱ्यांदा फिनेलनं फरशी पुसताना.
तेव्हाच जाळीत अडकलेले केस काढत होते.
मेंदीचे होते.
आमच्या बोळात मेंदी आता एकटी मीच लावते.

रविवारी डबे आहेतच.
चुलीशेजारी पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवलाय, उरलेल्यासाठी.
मालनच्या दाराशी दोनदा जाऊन आले.
बेल वाजवली नाही.
पडदा अजून ओढलेलाच आहे,
की नेहमीच तसा असतो?
मी कधी नीट बघितलंच नव्हतं.